हुपरीच्या बाईच्या हिरड्या

६ जानेवारी १९८१, मंगळवार

आज एक माणूस आला. पायरीवर चप्पल काढली, आत आला, बाकावर बसला, टोपीनं घाम पुसला. दवाखान्यात मदतीला असते त्या हाफिजाबीला मी खूण केली, हाफिजाबीनं पोरीला खूण केली, पोरीनं हात धुतले. मग तो म्हणाला, गुळाच्या सौद्याला कुठनं जायचं? खालच्या अंगाला, म्हटलं. गेला. जाताना तांब्याभर पाणी पिऊन गेला.

म्हणजे आजही कोणी नाही. हात धुतले ते फुकट.

ही वही औषधाच्या कंपनीच्या माणसानं त्रिशलाला दिली. पानापानावर दाढेचं चित्र आहे. ती म्हणाली, मला नको, आज्जी तूच लिही काहीतरी. मी काय लिहिणार! दुसरी पास. तिसरीत बसले न बसले तोवर लग्न ठरलं. पण गुरुजींचं एक लक्षात आहे — बोलताना हाय म्हणा, लिहिताना आहे लिहा. म्हणून आहे लिहिते. गुरुजी कधीचे गेले, पण उगाच पाप कशाला.

त्रिशला म्हणजे माझी नात, नेमगोंडाची थोरली. मुंबईला शिकून दातांची डॉक्टर झाली. आमच्या घरात याआधी दात काढायचा तर दोरा आणि दाराची कडी! आता आमच्याच पुढच्या खोलीत दवाखाना. खुर्ची अशी आहे की पाय दाबला की वर जाते. मी बसून बघितली. वरून हाफिजाबी एवढीशी दिसली. राज्याभिषेक झाल्यासारखं वाटलं.

शाहूपुरीत राहतो आम्ही. खालच्या गल्लीत गुळाच्या वखारी, दिवसभर ढेपांचा वास. नेमगोंडा म्हणतो, दातांच्या दवाखान्याला जागा झकास, गिऱ्हाईक खालीच तयार होतंय. तयार होतंय खरं, पण वर येत नाही. येतं ते गाल सुजवून, डोळ्यांत पाणी आणून, आणि म्हणतं, उपटून टाका. पोरगी म्हणते, वाचतोय हा. ते म्हणतं, मग दुसरीकडं जातो.

८ जानेवारी, गुरुवार

टेबलावरचा प्लास्टरचा जबडा मी रुमालानं झाकून ठेवला. त्रिशलानं काढला. मी परत झाकला. बघवत नाही! नुसतं हसतंय ते.

९ जानेवारी, शुक्रवार

देवळातले उपाध्ये आले होते. चहा घेतला, दुसरा घेतला, तेव्हा कळलं काहीतरी आणलंय यांनी.

स्थळ आहे! हुपरीचे मगदूम. चांदीचं काम, पैंजण, वाळे. घरात पाच कारागीर. मुलगा धन्यकुमार पुण्याला कारखान्यात इंजिनियर. मुलीनं डॉक्टरी केलेली चालते त्यांना. मी विचारलं, दातांची पण चालते? कारण आजवर आलेल्या स्थळांनी काय काय म्हणून ठेवलंय! इचलकरंजीच्या बाईनं तर तोंडावर विचारलं, तुमची पोरगी परक्या बाप्यांच्या तोंडात हात घालती म्हणं, खरं हाय का? आता दुसरं कुठं घालायचा हात? दात काय खिशात घेऊन येतात लोक?

उपाध्ये म्हणाले, चालते. पण त्या घरची रीत आहे. मुलगी नटवून पाटावर बसवलेली ते बघत नाहीत. आई स्वतः येते, न सांगता, मुलगी कामात असताना. कोण ते सांगत नाही. तुम्ही ओळखलं तरी ओळख दाखवायची नाही. आणि पोरीला तर अजिबात सांगू नका.

नाही सांगणार, म्हटलं. तिला सांगितलं तर ती दवाखान्याला कुलूप लावून रंकाळ्यावर जाऊन बसेल. सव्वीस वर्षांची घोडी झाली, तिची आई सासऱ्याच्या दुखण्यापेक्षा हिच्या लग्नाच्या काळजीनं खंगली. उपाध्ये गेल्यावर मी बाकावरचं फडकं बदललं.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

आली! बघितल्याबरोबर ओळखली.

पन्नाशीची, भरल्या अंगाची, कपाळभर कुंकू, पायात ठसठशीत जोडवी. यष्टीतून उतरून आलेली, तरी निऱ्या मोडलेल्या नाहीत. आत आली ती आधी भिंती बघितल्या, मग कोपरे, मग छतावरचं जळमट. पेशंट कधी जळमट बघतो? म्हणाली, दाढ दुखती. आणि उजव्या गालाला हात लावला. जरा वेळानं विसरली आणि डाव्याला लावला.

हाफिजाबीनं नाव विचारलं. राजमती, म्हणाली. पुढं अडली, मग माहेरचं आडनाव सांगितलं. गाव हुपरी. मी मनात म्हटलं, बाई, तेवढं तरी लपवायचंस.

मी आत जाऊन गुळाची पोळी, वर तूप, आणि तीळगूळ — आमच्या लग्नातल्या चांदीच्या वाटीत दिला. ओळख नाही दाखवली. सणाचं आहे, म्हटलं, घ्या. मग दोघी गप्पा मारत बसलो. तिनं कमरेची डबी काढली, मिश्रीची. मी माझी काढली. तिची माझ्यापेक्षा काळी भाजलेली. थोडी दिली मला. तंबाखू निपाणीचा, म्हणाली. आहाहा! दोघींनी बोट फिरवत, पिचकारी मारत, सुनांविषयी बोलणं केलं. हाफिजाबी गालातल्या गालात हसत होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर. जन्मात मिश्री लावली नाही. म्हणून तिला चव नाही.

मग आत बोलावलं. मी पडद्याजवळ वाती वळत बसले. पडदा जरा बाजूला होताच.

त्रिशलाला तोंडात आधी तीळच सापडले. चूळ भरायला लावली. मग प्रश्न — दात घासताना रक्त येतं का, किती दिवसांपासून, तोंडाला वास येतो असं घरचे म्हणतात का (मगदुमांच्या घरात असं म्हणायची कोणाची छाती!), साखरेचा आजार आहे का, औषधं कुठली. बाई एकेका शब्दात उत्तर देत होती आणि पोरीचं नाक, कान, गळा न्याहाळत होती. ही तिला तपासत होती, ती हिला!

मग त्रिशलानं ती बारीक सळई घेतली. टोक बोथट, वर मापाच्या रेघा. दात आणि हिरडीच्या मधे हळूच घालायची आणि आकडा बोलायचा. हाफिजाबी लिहायची. मला पूर्वी समजावलंय तिनं — दोन म्हणजे चांगली हिरडी, दाताला घट्ट. चारच्या पुढं गेलं की हिरडी सुटत चालली, मधे खिसे पडले. (हिरडीला खिसे! आपल्या पोलक्याला नाही.) मला वाटलं आता दोन, दोन, दोन ऐकू येईल. दाढ तर दुखतच नव्हती तिची, नाटक होतं.

पाच, म्हणाली त्रिशला. सहा. पाच. रक्त. सहा. सात. रक्त.

हाफिजाबी मान वर न करता लिहीत गेली. बाई छत बघायची थांबली.

मग फोटो काढला दाढांचा. मग लाल गोळी चघळायला दिली, तिनं दातांवरची घाण लाल होते. आरसा हातात दिला. बाईनं बघितलं. सगळं लाल. एकूण एक.

त्रिशला म्हणाली, “मावशी, दात किडलेले नाहीत तुमचे. दात चांगले आहेत. जमीन खचलीय त्यांच्या खालची.”

“दाढ दुखती एवढंच हाय माझं.”

“दुखत नाही. दुखत नाही तेच वाईट आहे. दुखलं असतं तर आधी आला असतात.”

आणि मग तिनं हाफिजाबीला बोलावलं, ओठ वर करायला लावला, आणि बाईला दाखवलं — ही बघा निरोगी हिरडी. फिकट गुलाबी, आणि संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक ठिपके. आणि तुमची बघा. टम्म, गुळगुळीत, जांभळट. हाफिजाबीला काय, तिला आनंदच. साठीच्या बाईच्या हिरड्यांचं कोणी कौतुक केलंय कधी?

मिश्री बंद, म्हणाली. पहिलं ते.

खोटं दुखणं घेऊन आलेली बाई खरं घेऊन गेली. यष्टीत लाल तोंड घेऊन बसणार आता हुपरीपर्यंत. संक्रांतीच्या दिवशी!

रात्रीचं आमच्यात जेवण नसतं, दिवस मावळायच्या आत ताट वाढलं. पोरीला म्हटलं, अगं, जरा गोड शब्दात सांगायचं. थोडी सूज आहे, म्हणायचं. बरं होईल, म्हणायचं.

ती म्हणाली, “आज्जी, पेशंटशी खोटं बोलायचं नाही. एकदा बोललं की सवय लागते.”

मी म्हटलं, लग्न झालेल्या बायका रोज बोलतात, काही होत नाही. तिनं भाकरी मोडली.

१६ जानेवारी, शुक्रवार

उपाध्ये येऊन गेले. हुपरीत तोंड पुसत उतरल्या म्हणे बाई. कोणी विचारलं, विडा खाल्ला का. दोन दिवस स्वयंपाकघराच्या बाहेर आल्या नाहीत. तुम्ही काय केलंत, म्हणाले उपाध्ये. मी म्हटलं, गूळपोळी दिली.

२२ जानेवारी, गुरुवार

गेलं स्थळ, असं धरूनच बसले होते. आणि दारात ती उभी!

हसली नाही. म्हणाली, रात्री उशीला रक्त लागलेलं दिसलं. याआधी पण लागत असणार, मी बघितलं नव्हतं. आता दिसतंय तर झोप येत न्हाई.

साखर तपासून आणली होती. नाही निघाली. त्रिशला खूश झाली. मग उजवी बाजू साफ करायला घेतली. सुई टोचून बधिर केलं, आणि त्या वाकड्या हत्यारांनी खरवडायला लागली. आवाज कसा — बंबाच्या आतलं क्षाराचे पापुद्रे खरवडताना येतो ना, तस्सा. ट्रेमध्ये खडे पडत होते. काळे, करडे. मी म्हटलं, हे एवढं तोंडात? हाफिजाबी म्हणाली, आक्का, तुमच्यातनं याच्या दुप्पट निघेल. माझे वरचे दात पोरीनंच बसवलेत, ते काढून धुते मी. खालच्यांचं मात्र मी काही बोलत नाही.

झाल्यावर बाईनं जीभ फिरवली आणि भडकली. माझ्या दातांत फटी पाडल्या हिनं! त्रिशला म्हणाली, फटी होत्याच मावशी, दगडानं बुजल्या होत्या. मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरा. ब्रश असा धरायचा, हिरडीकडून दाताकडं. प्लास्टरच्या जबड्यावर दाखवलं. बाईनं जबड्यावर घासून दाखवलं. पोरगी म्हणाली, चूक. परत घासलं. चूक. मी देवाचं नाव घेत होते. होणाऱ्या सासूला कोणी चूक म्हणतं का, तेही लागोपाठ!

२३ जानेवारी, शुक्रवार

रात्री सगळे निजल्यावर नव्हे, दिवसाढवळ्या जबड्यावर ब्रश फिरवून बघितला. अवघड आहे. मनगट वळत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहायचं का नाही, अर्धा तास विचार केला. लिहिते.

डावी बाजू साफ करायची होती. बाई लवकर आली. त्रिशला आत एका पोराची दाढ भरत होती. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो, उन्हाला. ती म्हणाली, काकू, मिश्री लावू नका म्हणती तुमची नात, पण सकाळपासनं डोकं जड झालंय. मी म्हटलं, माझं पण. तिनं डबी काढली नाही. आणलीच नव्हती, नवऱ्याची शपथ घातली होती म्हणे कोणीतरी. मग मी काय करायचं? पाहुणी दारात, तिची डबी नाही, माझी भरलेली. मिश्री मागितल्यावर नाही म्हणायची रीत आमच्यात नाही. वैऱ्याला पण देतो चिमूटभर. मी दिली. एकटीनं कशी लावणार ती, म्हणून मी पण लावली.

मागं बघते तर त्रिशला. हातात मोजे, कपाळाला आठ्या.

शाळेत अंगठे धरून उभं करतात तशा उभ्या राहिलो दोघी. तोंडात बोट तसंच! माझी डबी तिनं घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली. बाईला म्हणाली, मी आज डावी बाजू करणार नाही. मिश्री सुटेपर्यंत हात लावणार नाही. तुम्ही आठवडाभर माती टाकायची आणि मी गुरुवारी उपसायची, असं नाही चालायचं.

बाईचा चेहरा! पाच कारागीर जिच्यापुढं मान वर करत नाहीत, तिला हे असं.

“अशी जिभेची सून घरात आणायची म्हंजे —” आणि तिथंच थांबली.

हाफिजाबीच्या हातातला ट्रे वाजला. मी पदर तोंडाला लावला. संपलं, म्हटलं.

त्रिशला शांतपणे म्हणाली, “सुनेचं नंतर बघू मावशी. आधी मिश्री.”

म्हणजे हिला माहीत होतं! बाई तरातरा गेली, पिशवी विसरली, परत आली, पिशवी घेतली, परत गेली. मी पोरीला धरलं. कधी कळलं तुला? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी. गुळाच्या वखारीतल्या हमालाला तू कधी चांदीच्या वाटीत तीळगूळ दिलायस?

आणि माहीत असून बोलली! सात, सहा, रक्त — सगळं माहीत असून!

१ फेब्रुवारी, रविवार

मिश्री नाही. डोकं दुखतंय. पोट साफ नाही. सून म्हणते, सासूबाई, सकाळपासून तिसऱ्यांदा भांडलात. मी म्हटलं, मोजतेस?

५ फेब्रुवारी, गुरुवार

ती आली नाही.

दुपारी बाकावर एकटीच बसून होते. हाफिजाबी शेजारी येऊन बसली. तिनं बडीशेप दिली तळहातावर. म्हणाली, आक्का, पोरगी बरोबर हाय. मी म्हटलं, बरोबर हाय म्हणून तर लग्न होत न्हाई. ती म्हणाली, आमच्या दवाखान्यात एक मोठे डॉक्टर होते, सगळ्यांना हसून सांगायचे, काही नाही, काही नाही. लोकांना फार आवडायचे. मयताला पण तेच यायचे, हसत.



१२ फेब्रुवारी, गुरुवार

आली! मिश्री सोडून आली. तोंड उघडून दाखवलं आधी, बसायच्या आत, उभ्या उभ्याच. डोळे खोल गेलेत. म्हणाली, आठ दिवस घरात कोणाला सुचू दिलं न्हाई मी. कारागीर म्हणाले, मालकीणबाई, तुम्ही मिश्री लावा, आम्ही पैसे देतो.

माझ्याकडं बघून म्हणाली, काकू, तुम्ही?

मी म्हटलं, मी पण नाही. (डबी अजून एप्रनच्या खिशात आहे. एप्रन दोरीवर असतो. हात पोचतो. तरी नाही.)

डावी बाजू झाली. मागची एक दाढ वाचत नव्हती, ती काढली. खालचे पुढचे चार दात हलतात, ते एकमेकांना तारेनं बांधायचे ठरलं, आधार मिळावा म्हणून. त्यावर बाईनं कनवटीची पुडी काढली. आत चांदीची तार! केसासारखी बारीक, घरीच ओढून घेतलेली. म्हणाली, हुपरीची बाई मी, तोंडात इस्टीलची तार घालून हिंडू? गाव काय म्हणंल?

मला पटलं. मी मान पण हलवली.

त्रिशला म्हणाली, “चांदी मऊ, ढिली पडेल, काळी पडेल. ती पायात घाला. तोंडात स्टील.”

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवायची थांबले.

स्टीलच बांधली. पुडी हाफिजाबीला देत होती, नातीच्या वाळ्याला घे म्हणून. हाफिजाबीनं घेतली नाही. मग चिडून माझ्या हातात कोंबली. मी देवघरात ठेवलीय. स्थळाकडून आलेली पहिली वस्तू. शकुन समजायचा का नाही, ते उपाध्येंना विचारीन.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाई आता यष्टीतून उतरून सरळ आमच्या स्वयंपाकघरात येते. पिठलं खाल्लं. ब्रश घेऊन आली होती पिशवीतून, खाऊन झाल्यावर न्हाणीत जाऊन दात घासले. हिरडीकडून दाताकडं. मला म्हणते कशी, काकू, तुमचं मनगट चुकतंय.

तिला विचारलं, मुलगा कसा आहे? गप्प आहे, म्हणाली. बापासारखा. विचारलं की उत्तर, न विचारलं की न्हाई. पुण्यात खोली घेऊन राहतो, हातानं भात करून खातो.

माझ्या डोळ्यांपुढं सगळा संसार उभा राहिला. पुण्याची खोली, पडदे, पाळणा.

५ मार्च, गुरुवार

आज परत सळईनं मापं घेतली. मी वाती बाजूला ठेवल्या आणि सरळ पडद्याच्या आत जाऊन उभी राहिले. कोणी काही म्हणालं नाही.

तीन, म्हणाली त्रिशला. दोन. तीन. दोन. एका जागी चार. रक्त नाही. तीन. रक्त नाही.

हाफिजाबी आज लिहिताना हसत होती. त्रिशलानं आरसा दिला. हिरडी बसलीय खाली, जांभळटपणा गेलाय. आणि वरच्या सुळ्याच्या वर, एवढीशी जागा — ठिपके! संत्र्याची साल!

बाई किती तरी वेळ आरशात बघत होती. आरसा खाली ठेवला आणि माझ्या पोरीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. एवढी माया! म्हणाली, “उपाध्येंकडं निरोप धाडते.”

झालं! ठरलं! सुनेला हाक मारली, नेमगोंडाला दुकानातून बोलावणं धाडलं, शिऱ्याला रवा भाजायला घेतला. त्रिशला आत हत्यारं उकळत होती. तिच्याकडं बघितलं तर कान लाल. मुलगी बघितली नाही, मुलगा बघितला नाही, कान लाल! मग कळलं — टेबलावर बाईनं मुलाचा फोटो ठेवला होता, जाताना, काही न बोलता. पोरगी जबड्यावरचा माझा रुमाल काढून त्या फोटोवरची धूळ पुसत होती. आत्ताच ठेवलेल्या फोटोवर कसली धूळ.

८ मार्च, रविवार

उपाध्ये आले. चहा घेतला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

नाही म्हणतात!

मला वाटलं ऐकण्यात चूक. मी विचारलं, कोण नाही म्हणतं? राजमतीबाईच. मुलगी सोन्यासारखी आहे, म्हणाल्या. तिच्यासारखी दुसरी नाही. आणि म्हणूनच नको. लग्न झालं तर ती पुण्याला जाणार. मग माझ्या हिरड्या कोण बघणार? दर तीन महिन्यांनी बघायला लागतं म्हणते ती. सून मला कुठंही मिळंल, अशी डॉक्टर कुठं मिळायची? शिवाय सुनेपुढं आ करून बसायचं आणि तिची बोलणी खायची, हे सासूला शोभतं का? डॉक्टरीणबाईंची बोलणी मी खाते, त्यात कमीपणा न्हाई.

असा निरोप. आणि खाली जोडून — गुरुवारची वेळ तेवढी तशीच ठेवा म्हणावं.

बाकीच्या स्थळांनी पोरगी दातांची डॉक्टर म्हणून नाकारली. हिनं ती चांगली डॉक्टर म्हणून नाकारली! सांगायचं कोणाला? काम वाईट केलं असतं तर आज सुपारी फुटली असती. बाई बरी होवो म्हणून मी भगवंतापुढं दिवा लावला होता. तो पण तिच्याच बाजूनं लागला.

त्रिशलाला सांगितलं. ती हसली. खूप हसली, खुर्चीत बसून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग हसणं थांबलं आणि पाणी जरा वेळ चालू राहिलं. मी बघितलं नाही असं केलं. तिनं पाय दाबून खुर्ची खाली घेतली, उठली, हात धुतले. कोणी पेशंट नव्हता.

फोटो टेबलावर नाही. कुठं ठेवलाय, मी विचारलं नाही.

१० मार्च, मंगळवार

मिश्रीची डबी त्रिशलानं परत दिली. म्हणाली, घे आज्जी, तुझ्या समाधानाला तेवढंच उरलंय आता. मी उघडून वास घेतला. मग गुलाबाच्या कुंडीत ओतली. आता गुलाबाला काय होतंय बघायचं.

१२ मार्च, गुरुवार

आज मीच बसले खुर्चीत. म्हटलं, घाल सळई. होऊन जाऊ दे. खालचे आहेत तेवढे बघ.

पाच, म्हणाली. सहा. एक अक्षर गोड केलं नाही कार्टीनं.

१९ मार्च, गुरुवार

राजमतीबाई आली, आज मोटारसायकलवरून. मुलगा घेऊन आला. रजेवर आहे म्हणे. उंच, सावळा, चप्पल बाहेर नीट जोडून ठेवली. आईचं तपासून होईपर्यंत बाकावर बसला. मी बोलले नाही. कशाला बोलू? पाणी दिलं, साध्या तांब्यातनं. तो भिंती बघत नव्हता, जळमटं बघत नव्हता. पडदा बघत होता.

आई बाहेर आल्यावर उठला आणि म्हणाला, माझं पण जरा बघता का. आई म्हणाली, तुला रं काय झालंय? तो म्हणाला, रक्त येतं. कधी? कधी कधी.

मी पडद्याच्या आत गेले. दिव्याखाली स्वच्छ दिसत होतं. फिकट गुलाबी. या टोकापासून त्या टोकापर्यंत संत्र्याची साल. त्रिशला सळई फिरवत गेली — दोन. दोन. दोन. दोन. हाफिजाबीनं शेवटी शेवटी लिहायचंच सोडलं.

त्रिशलानं आरसा खाली ठेवला. त्याच्याकडं न बघता म्हणाली, “थोडी सूज आहे. पुढच्या गुरुवारी यावं लागेल.”

हाफिजाबीनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं.

तो म्हणाला, “येतो की.”

पुण्याहून.